१९८४ ची प्रीमियर पद्मिनी बघायला जातोय: काय तपासू आणि कशावरून 'नको' म्हणू?

अनिकेत_एरंडवणे
नमस्कार मंडळी. प्रभात रोडवरच्या एका बंगल्यात १९८४ ची पद्मिनी विकायची आहे. आजोबांनी नवी घेतलेली, एकहाती वापरलेली. आजोबा गेल्या वर्षी वारले. मुलगा अमेरिकेत आहे, आजींना आता गाडीकडे बघणं होत नाही. रंग पांढरा, मध्ये एकदा पूर्ण रंगवून घेतलेली. गेली दोनेक वर्षं शेडमध्ये उभी आहे, अधूनमधून चालू करतात एवढंच. एक लाख नव्वद हजार मागतायत. त्यांच्या ओळखीचे गॅरेजवाले म्हणतात, "इंजिन एक नंबर, अर्ध्या सेल्फला उठते."

मला रोज ऑफिसला न्यायची नाही. रविवारी सकाळी चक्कर, कधी भोर, कधी वाई. प्लग, पॉइंट साफ करणं, कार्ब्युरेटर उघडून धुणं एवढं स्वतःला येतं. सगळं धरून तीन लाखांच्या आत बसवायचंय. शनिवारी बघायला जातोय. नेमकं काय बघायचं? आणि काय दिसलं तर चहा पिऊन नमस्कार करून परत यायचं?

निनाद_बी
पद्मिनी! घ्या, घ्या, विचार काय करताय. फोटो टाका आधी.

भोसरीचा_मेस्त्री
अनिकेतराव, इंजिनाचं कौतुक बाजूला ठेवा. या गाडीत इंजिन सगळ्यात शेवटी बघायचं.

कारण सांगतो. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. हिला ट्रक किंवा जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हीच चासी, सगळा भार तीच उचलते. १०८९ सीसीचं इंजिन साधं सरळ आहे. बोअर करा, रिंगा-पिस्टन टाका, हेडचं काम करा, परत नवं होतं. पत्रा कुजला की मात्र आधी कापा, मग नवा पत्रा वाकवून वेल्डिंग करा, मग दारं परत लागतायत का बघा. चांगला टिंकर (पत्र्याचं काम करणारा) आता मिळत नाही आणि मिळाला तर महिनोन्‌महिने गाडी त्याच्याकडे पडून राहते.

बघायच्या जागा: चारही दारांखालची पट्टी, मागच्या चाकांच्या कमानीची आतली बाजू, बॅटरी ठेवतात त्याच्या खालचा पत्रा (ॲसिड सांडून सांडून चाळण झालेली असते), डिकीत स्टेपनीखाली, आणि मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे बॉडीला बसतात ती जागा. ही शेवटची विसरू नका. पाटा बदलता येतो, पण तो धरणारा पत्राच गेला असेल तर चालत्या गाडीचा मागचा ॲक्सल सरकतो.

फ्रीजच्या दारावरचा मऊ लोहचुंबक खिशात न्या. आजींसमोर रंगाला ओरखडा नको, म्हणून त्याच्यावर पातळ फडकं गुंडाळा. खालच्या भागावर फिरवत जा. जिथे चिकटत नाही तिथे आत पुट्टी आहे. पुट्टी दिसली म्हणजे लगेच गाडी वाईट असं नाही, चाळीस वर्षांत कोणीतरी कुठेतरी घासतंच. पण दाराखालच्या पट्टीत हातभर लांब पुट्टी असेल तर ती गंज झाकायलाच भरलेली असते.

मग मॅट उचला. नुसतं वरचं रबर नको, खालचं जाड नमद्यासारखं असतं तेही उचला. हात लावून ओल बघा. जाड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला थपथप.

श्रीधरकाका_सदाशिव
भोसरीच्या मेस्त्रींचं अक्षर न्‌ अक्षर खरं. त्यात एक भर घालतो. गाडी एका बाजूने जॅकवर घ्या, चाक जमिनीपासून सुटेल इतकीच. आणि मग त्या बाजूची दोन्ही दारं उघडून लावून बघा. बॉडी धड असेल तर दार नेहमीसारखं लागतं. आतून खचली असेल तर दार घासतं, नाहीतर अडकतं. फार जुनी परीक्षा आहे, पैसे लागत नाहीत आणि खोटं बोलत नाही. जॅक स्वतःचा न्या आणि गाडीखाली अजिबात वाकू नका.

रेवती_पाषाण
माझ्याकडे १९८९ ची आहे, सासऱ्यांची. रोज नाही, पण आठवड्याला हमखास चालवते. भोसरीच्या दादांशी नव्वद टक्के सहमत, पण "इंजिन शेवटी" हे मला पटत नाही. तीन लाखांच्या बजेटमध्ये इंजिनाचं पूर्ण काम निघालं तर अनिकेतना तेही जड जाईल. म्हणून इंजिनही नीट बघा, फक्त गॅरेजवाल्याच्या शब्दावर जाऊ नका.

मुख्य म्हणजे फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गोड बोलून दुपारी परत जा. जुन्या गाडीची सगळी दुखणी थंड असतानाच बोलतात. चालू होताना मागे कोणाला तरी उभं करा. सुरुवातीला निळा धूर येऊन लगेच थांबला तर व्हॉल्व्ह सीलचं दुखणं, ते परवडतं. गाडी पळवतानाही निळाच येत राहिला तर रिंगा गेल्या. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, चोक अडकला असेल किंवा कार्ब्युरेटर. पांढरा दाट धूर आणि तेलाच्या झाकणाला आतून दुधाळ साय म्हणजे पाणी तेलात मिसळतंय. पण नुसती उभी राहणारी गाडी पावसाळ्यात थोडी साय धरतेच, त्यामुळे त्या एकाच गोष्टीवरून निकाल देऊ नका. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, तेही बघा.

ऑइल प्रेशरचा दिवा चालू केल्यावर लगेच विझला पाहिजे. गरम झाल्यावर आयडलिंगला लुकलुकत असेल तर बेअरिंगकडे संशय घ्यायचा.

भोसरीचा_मेस्त्री
रेवतीताई, मान्य. पण अनिकेतराव, त्यांनी म्हटलेल्यात कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) जोडा. गेज भाड्याने किंवा ओळखीने मिळतो. चारही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा, एकेका सिलिंडरला सेल्फ मारायचा. आकडा किती यापेक्षा चारही जवळपास सारखे आहेत का ते बघा. एखादा फार कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मारा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. यावरून खर्चाचा अंदाज तिथल्या तिथे लागतो.

आरटीओची_वारी
मंडळी, पत्रा झाला, इंजिन झालं. कागद कोण बघणार?

अनिकेत, मूळ मालक वारलेत हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या व्यवहारातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. आरसी बुक अजून आजोबांच्या नावावर असेल तर आजींना ती गाडी तुम्हाला थेट विकताच येत नाही. आधी गाडी वारसाच्या नावावर जाते. त्याला फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बाकीच्या वारसांची ना-हरकत. मुलगा अमेरिकेत आहे म्हणजे त्याचं प्रतिज्ञापत्र तिकडच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवावं लागेल. हे झालं की मग फॉर्म २९ आणि ३० वर आजींच्या सह्या आणि गाडी तुमच्या नावावर. "कोऱ्या फॉर्मवर आजोबांची सही आहे" असं कोणी म्हटलं तर तिथूनच उठा.

दुसरं, नोंदणीची मुदत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९८४ म्हणजे १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४. गाडी दोन वर्षं उभी आहे म्हणताय, म्हणजे २०२४ चं नूतनीकरण राहिलेलं असण्याचीच शक्यता जास्त. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरणाची फी दहा हजार झाली आहे. वर पर्यावरण कर, उशिराचा दंड आणि गाडी तपासणीला न्यायचा व्याप. हे कोणी करायचं ते भाव ठरायच्या आधी बोला.

तिसरं, परिवहनच्या साईटवर नंबर टाकून बघा. जुना तीन अक्षरी नंबर असेल तर गाडी ऑनलाइन दिसेलच असं नाही. दिसली नाही तर आधी बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद संगणकावर चढवणं) करून घ्यावी लागते, संगम पुलाजवळच्या कार्यालयात मूळ आरसी बुक घेऊन. मूळ पुस्तक हरवलं असेल आणि ऑनलाइन नोंदही नसेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: गाडी कितीही देखणी असो, घेऊ नका.

चौथं, चासी नंबर आणि इंजिन नंबर. नुसते वाचू नका. कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा घरी आणा आणि आरसीवरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवा. मध्ये कधी इंजिन बदललं असेल किंवा गॅस किट बसवलं असेल तर त्याची नोंद पुस्तकात हवी. आणि बँकेचा जुना बोजा. कर्ज फिटून जमाना झालेला असतो पण पुस्तकात बँकेचं नाव तसंच. ते काढायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं, आणि मधल्या काळात ती बँक दुसरीत विलीन झालेली असली की पुढचे हेलपाटे विचारू नका.

निनाद_बी
पण व्हिंटेज नंबर घेतला तर हे सगळं टळेल ना? ते व्हीए सिरीजवालं?

आरटीओची_वारी
@निनाद, नाही. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. ही गाडी २०३४ मध्ये पात्र होईल. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रस्त्यावर नियमित वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. अनिकेतना रविवारी भोरला जायचंय, त्यांना साधी नोंदणीच बरी.

जोशी_सहकारनगर
ही गाडी एरंडवण्यात शेडमध्ये होती म्हणता ते ठीक. पण पुण्यातली कुठलीही जुनी गाडी घेताना एक प्रश्न जरूर विचारा: २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री गाडी कुठे होती? आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा आमच्या भागातल्या किती गाड्या एकावर एक चढल्या होत्या ते डोळ्यांनी पाहिलंय. नंतर धुऊन पुसून, सीट कव्हर बदलून त्यातल्या बऱ्याच विकल्या गेल्या. सिंहगड रोडला एकतानगरीत जुलै २०२४ मध्ये पाणी शिरलं, तिकडचंही तेच. सीटच्या रुळांखाली, डॅशबोर्डच्या मागे, दिव्यांच्या आत बॅटरी मारून बघा. वाळलेला बारीक गाळ कितीही धुतला तरी तिथे राहतोच.

कुलकर्णी_वाई
विषयांतर करतो, माफ करा. आमच्याकडे पद्मिनीच्या आधीची डुक्कर फियाट होती. पुढची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली. वाईहून पसरणी घाट चढताना वडील मध्यावर थांबायचेच. बॉनेट उघडायचं, रेडिएटरला हात लावायचा नाही अशी सगळ्यांना ताकीद, आणि आई तेवढ्यात दशम्या काढायची. त्या काळी नवी फियाट म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणं. म्हणून माणसं गाडी जपायची. प्रत्येक सर्व्हिसची नोंद वहीत.

अनिकेत, आजोबांची अशी वही आहे का विचारा. त्या पिढीचे असतील तर असणार.

रेवती_पाषाण
@कुलकर्णी, वहीचा मुद्दा फार मोलाचा. सासऱ्यांच्या वहीमुळेच मला कळलं की २००२ साली हेड उघडलं तेव्हा व्हॉल्व्ह सीट बदलून कठीण धातूच्या टाकल्या होत्या. देशात शिशाचं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. जुन्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठकींना त्या शिशाचा आधार असायचा. नंतरच्या काळात त्या हळूहळू झिजतात.

आणि आता २० टक्के इथेनॉल. पेट्रोलचे जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्ब्युरेटरची वॉशर याने फुगतात, भेगाळतात. दोन वर्षं उभ्या गाडीत तर टाकी उतरवून धुवा, जुनं पेट्रोल फेका, सगळे पाइप इथेनॉलला टिकणारे टाका. गरम एक्झॉस्टच्या जवळ पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. अग्निशामक छोटा सिलिंडर सीटखाली ठेवाच, माझ्याकडे आहे.

स्पष्टवक्ता_कर्वेनगर
सगळे घ्या घ्या म्हणतायत, म्हणून उलट बाजू मांडतो. अनिकेत, तुमच्याकडे बंद पार्किंग आहे का? सोसायटीत उघड्यावर ठेवणार असाल तर घेऊ नका. दोन पावसाळ्यांत आजोबांनी चाळीस वर्षं सांभाळलेलं सगळं जाईल. दुसरं, चारही चाकांना ड्रम ब्रेक. नळ स्टॉपला पुढची रिक्षा अचानक थांबली तर नव्या गाडीच्या सवयीने पाय दिलात की उपयोग नाही. अंतर राखून, आधीपासून विचार करून चालवावी लागते. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती सहज देता येत नाही.

सुटे भाग हा तिसरा मुद्दा. मुंबईत काळी-पिवळी होती तोवर ढिगाने मिळायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. इंजिनाचं, ब्रेकचं सामान अजून नाना पेठेत, मुंबईला ऑपेरा हाऊसला मिळतं. पण क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या रिंगा, काचेचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी), आतली हँडल यांसाठी वणवण होते. तेव्हा गाडीवर काय शाबूत आहे त्याची यादी करा.

श्रीधरकाका_सदाशिव
कर्वेनगरकरांचं ब्रेकबद्दलचं बोलणं मनावर घ्या. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, तीसच्या वेगात जोरात ब्रेक मारून बघा. गाडी एका बाजूला ओढली तर बहुधा विरुद्ध बाजूच्या चाकाचा सिलिंडर गळतोय किंवा अडकलाय. दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना करकरते का पाहा. स्टिअरिंगवरचा गिअर ढिला असेल तर घाबरू नका, दांड्यांचे बुश झिजलेले असतात, स्वस्तात होतात. स्टिअरिंग मात्र सरळ धरून डावी-उजवीकडे हलवा, दोन बोटांपेक्षा जास्त मोकळं फिरत असेल तर खर्च आहे.

आणि पंधरा-वीस मिनिटं तरी चालवा. चांदणी चौकाच्या चढाला न्या. इंजिन तापून तापमानाचा काटा वर जातो का, तिथे कळतं.

कोकणातला_बंड्या
पुण्याची आहे हे नशीब समजा. आमच्या रत्नागिरीतली असती तर चुंबकाला चिकटायला काही उरलंच नसतं.

अनिकेत_एरंडवणे
बघून आलो. तुमच्या सगळ्यांचे आभार, धागा छापूनच नेला होता. पार्किंग बंद आहे, तो प्रश्न नाही.

गाडी थंड होती. आजींनी शेजारच्या मुलाला "हात लावू नकोस, ते यायचेत" असं सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या सेल्फला उठली, निळा धूर भसकन आला आणि थांबला. चुंबक उजव्या बाजूला सगळीकडे चिकटला. डाव्या बाजूला मागच्या दाराखाली साधारण वीतभर भागात निसटला. मॅट उचलली. ड्रायव्हरच्या बाजूला टणटणीत, डाव्या पायाशी नमदा ओला आणि पत्रा थपथप. वर बघितलं तर पुढच्या काचेचं बीडिंग कोपऱ्यात फाटलेलं, पाणी तिथूनच येतंय. बॅटरीखाली थोडी चाळण. पाट्यांची बैठक दोन्हीकडे पक्की, तारेच्या ब्रशने घासून पाहिली. जॅकवर डावी बाजू घेतली, दोन्ही दारं लोण्यासारखी लागली.

गेज घेऊन एक मेस्त्री सोबत आले होते. पहिला, दुसरा, चौथा सिलिंडर सारखे, तिसरा बराच कमी. ऑइल टाकूनही चढला नाही. दुसरा गिअर करकरतो. ब्रेक डावीकडे ओढतो. चांदणी चौकाच्या चढाला नेता आली नाही, विमा संपलेला आहे. बंगल्याच्या आवारातच मागे-पुढे केली.

कागद: मूळ आरसी बुक आहे, आजोबांच्या नावावर, मुदत २०२४ ला संपली. बँकेचा बोजा होता, तो १९८८ मध्येच काढल्याचा शिक्का आहे. दोन्ही नंबरांचे ठसे जुळले. ऑनलाइन गाडी दिसत नाही.

आणि कुलकर्णी, वही आहे! दोन वह्या. पहिल्या पानावर डिलिव्हरीच्या दिवशीचं किलोमीटर वाचन, पुढे प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक टायरचा नंबर. व्हॉल्व्ह सीटचा उल्लेख कुठे नाही. आता सांगा.

भोसरीचा_मेस्त्री
घ्या. दार लागलं, पाट्यांची बैठक धड आहे, म्हणजे बॉडी जिवंत आहे. डावीकडची पट्टी आणि पायाखालचा पत्रा तुकडा कापून होईल, वरून पुट्टी मारून नको. आधी बीडिंग बदला, नाहीतर नवा पत्राही कुजेल. तिसऱ्या सिलिंडरसाठी आधी टॅपेटचं क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट) बघा, कधी कधी तेवढ्यावरच भागतं. नाही भागलं तर हेड उतरवायचंच आहे, त्यातच रेवतीताईंनी सांगितलेल्या सीट टाकून घ्या.

पण एक नव्वदला नाही. पत्रा, हेड, ब्रेक, पाइप, टायर धरून लाखाच्या आसपास खर्च आहे.

आरटीओची_वारी
पैसे टप्प्यांत द्या. आत्ता फक्त इसार, त्याची पावती आजींच्या सहीची, त्यात चासी नंबर लिहा आणि अट घाला: वारसनोंद, बॅकलॉग आणि नूतनीकरण त्यांच्याकडून झालं की उरलेली रक्कम. न झाल्यास इसार परत. आजींना हेलपाटे पडणार नाहीत असं बघा, धावपळ तुम्ही करा, खर्च भावातून वजा करा. विमा किमान थर्ड पार्टी उतरवल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका, तपासणीलाही टोचन लावून न्या. २०१९ पूर्वीची गाडी असल्यामुळे नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागेल.

स्पष्टवक्ता_कर्वेनगर
बंद पार्किंग आहे आणि वह्या आहेत म्हटल्यावर माझा विरोध मागे. अशी गाडी भंगारात जाण्यापेक्षा तुमच्याकडे गेलेली बरी.

अनिकेत_एरंडवणे
ठरलं. आजींना चुंबक कुठे सुटला ते दाखवलं, मेस्त्रींचा खर्चाचा कागद दिला. त्यांनी मुलाला व्हिडिओ कॉल लावला. एक लाख पस्तीसला दोघंही तयार झाले, कागदांचा खर्च माझा. इसार दिला, पावती केली. मुलगा तिकडून प्रतिज्ञापत्र पाठवतोय. दोन्ही वह्या गाडीसोबत मिळणार आहेत, हे मी मागून घेतलं.

पुढच्या काचेचं बीडिंग पुण्यात कोणाकडे मिळेल? नाना पेठेत दोन ठिकाणी नाही म्हणाले.

रेवती_पाषाण
अभिनंदन! माझं मुंबईहून आणलं होतं, ऑपेरा हाऊसमधून. जुना तुकडा कापून सोबत न्या, वर्षागणिक आकार थोडा वेगळा लागतो. मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे, तुकडा माझ्याकडे पोचवलात तर घेऊन येते.

भोसरीचा_मेस्त्री
बीडिंग येईपर्यंत काचेच्या त्या कोपऱ्यावर प्लॅस्टिक लावून ठेवा आणि डाव्या पायाखालचा ओला नमदा आजच बाहेर काढा.